बँकॉकला उतरायचं, परत क्वालालंपूरहून : मुंबईत काउंटरवर अडवतील का?

कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार मंडळी. मी 61 वर्षांची, सहकारी बँकेतून निवृत्त. येत्या जानेवारीत (2026) मी आणि धाकटी बहीण, दोघीच, पहिल्यांदा देशाबाहेर निघालोय. 8 तारखेला मुंबईहून बँकॉक, तिथं पाच दिवस. मग रात्रीच्या गाडीनं मलेशियाच्या हद्दीवरचं पादांग बेसार, पुढं पिनांग, क्वालालंपूर, आणि 20 तारखेला तिथूनच मुंबई. विमानाची दोन्ही तिकिटं निघाली, पण कंपन्या वेगळ्या.

आगगाडीच का, तर वडील मिरज जंक्शनला नोकरीला होते. ब्रॉड, मीटर, नॅरो अशी तिन्ही गेज आमच्या स्टेशनात होती. मीटर गेजच्या डब्यात रात्री झोपून जायचं ते लहानपणीच संपलं. थायलंडची रेल्वे अजून मीटर गेजवरच चालते हे कळल्यापासून मन त्यातच आहे.

आता भाचा म्हणतो, बँकॉकहून परतीचं तिकीट नसेल तर मुंबईतच बोर्डिंग पास देणार नाहीत. इथला एजंट म्हणतो, "काकू, 900 रुपयांत डमी तिकीट काढून देतो, दाखवायचं आणि विसरायचं." मी 36 वर्षं लोकांची कागदपत्रं तपासली आहेत. खोटा कागद हातात धरून मला कुणापुढं उभं राहायचं नाही. खरा नियम काय आहे आणि मी काय करू?

घाटउतार (कोल्हापूर)

ताई, क्वालालंपूरचं तिकीट चालेल, पण त्यावरची तारीख बघा. माझं घोडं तारखेपाशीच अडलं होतं.

फेब्रुवारी 2024. बँकॉक, चियांग माई, तिथून चियांग खोंगला नदी ओलांडून लाओस, दोन दिवस होडीनं लुआंग प्रबांग आणि शेवटी हनोई, असा बेत होता. हनोई ते मुंबई तिकीट खिशात होतं, त्यामुळं मी निर्धास्त. पण ते बँकॉकला उतरल्यापासून 41 व्या दिवसाचं होतं आणि तेव्हा आपल्याला तिथं व्हिसाविना 30 दिवसच मिळायचे. काउंटरवरच्या मुलीनं तिकीट नीट वाचलं, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाली, "सर, 30 दिवसांच्या आत थायलंड सोडताय असं यात कुठंच दिसत नाही."

होडीचं आगाऊ तिकीट निघत नव्हतं, निदान मला तरी काढता आलं नव्हतं. बॅग काट्यावरून खाली उतरवली आणि बाजूला उभं राहून मोबाइलवर बँकॉक ते क्वालालंपूर सगळ्यात स्वस्त काय ते शोधलं. 6,800 रुपये. कार्ड टाकलं, तर ओटीपी गेला बायकोच्या नंबरावर. रात्रीचे सव्वादोन, ती कोल्हापूरला गाढ झोपेत. आठ वेळा रिंग वाजली, नवव्या वेळी उचलला. तोवर पहिल्या ओटीपीची वेळ संपलेली. दुसरा आला, तिनं झोपेतच आकडे वाचले, मी टाइप केले. काउंटर बंद व्हायला 11 मिनिटं राहिली होती. हात इतके थरथरत होते की पासपोर्ट परत पाकिटात जाईना.

बँकॉकच्या इमिग्रेशनला त्या तिकिटाबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही. तरी सांगतो, कार्डाचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो जवळ ठेवा आणि रोमिंग घरूनच चालू करून निघा.

भटका_नाशिक

मी बँकॉकला सहा वेळा गेलोय. एकदाही कुणी विचारलं नाही. उगाच ताण घेऊ नका.

काउंटरपलीकडून

मी मुंबई विमानतळावर नऊ वर्षं चेक-इनला आहे. नाशिककर, तुमचं परतीचं तिकीट त्याच बुकिंगमध्ये असेल तर ते आम्हाला पडद्यावर दिसतंच. मग विचारायचं कशाला? प्रश्न एकेरी तिकिटावाल्याला येतो आणि काकूंचं तिकीट आमच्या पडद्यावर एकेरीच दिसणार, कारण परतीची कंपनी वेगळी.

काकू, आम्ही का अडवतो ते सांगते. कुठल्या देशाला कुठले कागद लागतात हे आम्ही 'टिमॅटिक' या आयाटाच्या (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) यंत्रणेत बघतो. पासपोर्ट कुठला, जाणार कुठं, राहणार किती दिवस, हे टाकलं की नियम समोर येतात. ज्याचे कागद पुरे नाहीत त्याला तिकडच्या देशानं दारातून परत पाठवलं, तर त्याला माघारी आणणं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं. विमान वाहतुकीचा जो आंतरराष्ट्रीय शिकागो करार आहे, त्याच्या परिशिष्ट 9 मध्येच ते आहे. शिवाय बरेच देश दंडही लावतात. म्हणून तिकडचा अधिकारी विचारेल न विचारेल, आम्हाला विचारावंच लागतं.

देशोदेशी फरकही आहे. फिलिपिन्सनं जून 2025 पासून आपल्याला 14 दिवस व्हिसाविना दिले, पण परतीचं किंवा पुढचं पक्कं तिकीट ही त्याची अटच आहे. थायलंडला सध्या (2025 अखेर) व्हिसाविना 60 दिवस मिळतात आणि तुमचं परतीचं तिकीट बाराव्या दिवसाचं आहे. थायलंड सोडल्याशिवाय क्वालालंपूरहून निघणाऱ्या विमानात बसता येत नाही, हे कुठल्याही सुपरवायझरला कळतं. कुणी मुलगा-मुलगी नवीन असेल आणि घुटमळला, तर शांतपणे "सुपरवायझरना बोलवा" म्हणा. पादांग बेसारचं गाडीचं तिकीट आधीच काढून छापून ठेवा. एकटं ट्रेनचं तिकीट आमच्यात सगळे मान्य करतीलच असं नाही, पण विमानाच्या तिकिटाला जोडून दाखवलंत की मधली कडी पुरी होते. मलेशियात 31 डिसेंबर 2026 पर्यंत आपल्याला 30 दिवस व्हिसा लागत नाही, तेही इथं कामाला येतं.

डमीच्या नादाला लागू नका, तुमचं मन बरोबर सांगतंय. ते बहुधा पैसे न भरता धरून ठेवलेलं बुकिंग असतं, एक-दोन दिवसांत आपोआप रद्द होतं. पीएनआर टाकला की कळतं. मोठ्या कंपन्यांच्या खऱ्या तिकिटाला 13 आकडी नंबर असतो, तो यात नसतो. आणि कुणी नुसती पीडीएफ खाडाखोड करून दिली असेल तर ती सरळ बनावट कागद ठरते. माझ्यासमोर एका बाईंना रडताना पाहिलंय. एजंटानं काय दिलं हे त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नव्हतं.

थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड (मे 2025 पासून सक्तीचं) आणि मलेशियाचं तसंच कार्ड, दोन्ही पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरा. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

सह्याद्री_72

काउंटरनंतर आपल्याच इमिग्रेशनला थांबावं लागतं, तिथंही विचारतात. माझ्या पुतण्याला, वय 24, एकटा, बँकॉकचं एकेरी तिकीट, वीस मिनिटं बाजूला बसवलं होतं. तो चिडला. मी त्याला सांगितलं, बाबा रे, चिडू नकोस. नोकरीच्या आमिषानं बँकॉकला नेऊन तिथून म्यानमारच्या म्यावाडीत सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेली आपली पोरं थोडीथोडकी नाहीत. मार्च 2025 मध्ये दोन दिवसांत 549 भारतीयांना तिथून सोडवून विमानानं परत आणलं. त्यातल्या एखाद्याला जाताना कुणी वीस मिनिटं बसवून विचारलं असतं, तर त्याची आई कितीतरी महिने रडली नसती. तरुण, एकटं, एकेरी तिकीट, असं कुणाच्या घरून निघत असेल तर कंपनीचं पत्र घरातल्या मोठ्यांनी स्वतः वाचा.

कृष्णाकाठ (मिरज)

काल रात्री घरी पोचलो. सगळ्यांचे आभार, म्हणून सविस्तर लिहिते.

मुंबईत काउंटरवर विचारलंच, "रिटर्न कुठाय?" मी एका फाइलमध्ये क्रमानं लावलं होतं: गाडीचं तिकीट, पिनांगचं हॉटेल, क्वालालंपूर ते मुंबई. तिनं पीएनआर स्वतः टाकून पाहिला, तारीख बघितली, दोघींचे बोर्डिंग पास दिले. चार मिनिटं लागली असतील. बँकॉकला काहीच विचारलं नाही.

पादांग बेसारला थायलंडचा आणि मलेशियाचा शिक्का एकाच स्टेशनच्या इमारतीत बसतो, या खिडकीवरून त्या खिडकीवर जायचं. मलेशियाच्या अधिकाऱ्यानं मात्र परतीचं तिकीट मागितलं. मोबाइलला तिथं रेंज नव्हती, छापील कागद होता म्हणून निभावलं. घड्याळ तासभर पुढं केलं आणि पिनांगसमोरच्या बटरवर्थच्या लोकल गाडीत बसलो.

आणि ती बँकॉकहून निघालेली गाडी! रात्री खालच्या बर्थवर बहीण, वरच्यावर मी. डबा अरुंद, हलतो खूप. पहाटे जाग आली तेव्हा रूळ तसेच वाजत होते.