गड्याला नव्वद पाजून बाग छाटून घ्यायची आणि वर त्यालाच बेवडा म्हणायचं?

तासगाव_पूर्व (धागाकर्ता)

आमच्या गावातल्या एका गड्याबद्दल लिहितोय. द्राक्षबागेच्या छाटणीला त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. काडी बघून कुठला डोळा घड देणार ते सांगायचा. ऑक्टोबर छाटणीच्या आधीच बागवाले त्याच्या टोळीला उचल देऊन ठेवायचे. आज तोच गडी दिवसभर देवळाच्या कट्ट्यावर पडून असतो. सकाळी हात इतका थरथरतो की कात्री धरवत नाही. एक नव्वद पोटात गेली की तासभर हात थांबतो. टोळीनं काढून टाकलंय. घर बायकोच्या बेदाणा शेडवरच्या मजुरीवर चालतं आणि थोरला पोरगा दहावीनंतर शाळा सोडून त्याच टोळीत गेलाय.

गाव म्हणतं, नशीब त्याचं. मला हे पटत नाही. सवय लागली कुठं? बागेतच. छाटणी रेटायची असो, विरळणी दोन दिवसांत उरकायची असो, नाहीतर लाईट रात्रीची आहे म्हणून पाणी धरायला जायचं असो, मालक बाटली पुढं करतो. उक्तं ठरवताना एकरी दर आणि ‘संध्याकाळची सोय’ यांची बोलणी एकदमच होतात.

त्यात पेस्टचा विषय तर कुणी काढतच नाही. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईड लावतात. ते हाताळण्याच्या आधी आणि नंतर दारू घ्यायची नसते, तशी ताकीद असते. दोन्ही एकत्र आलं की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, श्वास लागतो, बीपी उतरतो. आपल्याकडं दिवसभर हातमोज्याशिवाय पेस्ट लावून घेतात आणि संध्याकाळी त्याच गड्याला बाटली देतात. ओकायला लागला की ‘जास्त झाली’ म्हणून झाडाखाली निजवतात.

माझी मागणी दोनच गोष्टींची. कामापोटी दारू द्यायची नाही असं गावातल्या बागवाल्यांनी मिळून ठरवावं. आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला मिळावी, त्यातली निम्मी बायकोच्या खात्यावर जावी.

बागायतदार_महांकाळ

सगळं खापर शेतकऱ्याच्या डोक्यावर फोडायची फॅशनच झालीय. दारू कुणी कुणाच्या तोंडात ओतत नाही. त्याच टोळीत माळकरी गडी पण असतात, ते पितात का? मी सोय केली नाही तर टोळी शेजारच्या बागेत जाते आणि माझी छाटणी आठवडाभर लांबते. आठवडा लांबला की बाजाराचा दर हातचा जातो, अवकाळीनं गाठलं तर मालही जातो. तेव्हा माझं कर्ज कोण फेडणार?

आणि निम्मी मजुरी बायकोच्या खात्यावर, हा न्याय कुठला? कष्ट त्याचे, घाम त्याचा. तुमचा पगार तुम्हाला न विचारता दुसऱ्याच्या नावावर टाकला तर चालेल का? गरीब आहे म्हणून त्याला पोरासारखं वागवायचं, हे मला मान्य नाही.

जत_माडग्याळ_रस्ता

दादा, पगारदार माणूस पिऊन घरी आला तर पोरं उपाशी झोपत नाहीत. मजुराची झोपतात. फरक तिथं आहे.

पण मूळ धाग्याशीही मी पूर्ण सहमत नाही. बागवाल्यांच्या शपथा चार दिवस टिकतात. दुकानच उठवा. 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान घेता येतं. अडचण आकड्याची आहे. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या चालत नाहीत, यादीत नावं असलेल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंदच्या बाजूनं, शिक्का मारावा लागतो. आमच्या भागातल्या बायका दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं यादीत तशीच असतात. ज्या गावात नाहीत त्या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूनं धरल्या जातात. म्हणून मागणी कधी करायची ते आधी ठरवा. कारखाने बंद होऊन टोळ्या परत आल्या की, म्हणजे गुढीपाडव्यानंतर. आणि त्याआधी मतदार यादी साफ करून घ्या.

कोरेगावकर

ताई, तळमळ समजते, तरी उत्तर हे नाही. चंद्रपुरात 2015 साली जिल्हाभर दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये सरकारनंच ती उठवली. उठवताना कारण दिलं ते चोरट्या दारूचं आणि वाढलेल्या गुन्हेगारीचं. इथं दुकान बंद झालं की ओढ्याकाठी हातभट्टी लागणार. मुंबईत मालवणीला 2015 साली विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. मेली ती हातावर पोट असलेलीच.

मळी आपल्याच कारखान्यांची, देशी तिच्यापासूनच होते, आणि त्या बाटलीवरचं उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत पडतं. यातलं कुणीच दारू थांबवणार नाही. जे आजारी पडलेत त्यांना उपचार मिळवून देणं एवढंच आपल्या हातात आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं ‘परिवर्तन’ आहे, त्यांच्याकडं पाठवा.

आरोग्यसेविका_मिरज

वाद चालू द्या, पण धाग्यातल्या गड्याबद्दल आधी एक ऐका. सकाळी हात थरथरतो आणि प्यायल्यावर थांबतो, म्हणजे शरीर दारूवर अवलंबून झालंय. अशा माणसाला गावकरी देवापुढं उभं करतात, गळ्यात माळ घालतात आणि एका दिवसात सोडायला लावतात. हेतू चांगला असतो. पण अशी एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस बडबडतो, कधी जीवही जातो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं आणि ते देवऋषी शोधतात. तोपर्यंत उशीर होतो.

माळ जरूर घाला, पण आधी सिव्हिलला दाखवा. तिथं औषधाखाली सोडवतात, बी-वन जीवनसत्त्व देतात. आणि कुणाच्याही सांगण्यावरून चहा-भाजीतून गुपचूप औषध घालू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध पोटात असताना तो प्यायला तर मूळ धाग्यात पेस्टचं जे लिहिलंय, जवळपास तोच प्रकार होतो.

तासगाव_पूर्व

कोरेगावकर, उपचाराला पाठवायचं, बरोबरच आहे. पण तो बरा होऊन परत बागेतच येणार ना? पहिल्याच संध्याकाळी मालकानं बाटली पुढं केली की केलेलं सगळं पाण्यात. म्हणून मी सुरुवात बागेपासून करा म्हणतोय. टोळी दुसरीकडं जाते हे महांकाळच्या दादांचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच एकट्यानं नको, सगळ्या बागवाल्यांनी मिळून ठरवावं. औषधांचे दर वाढले की आपण एकत्र येतो, मग यासाठी का नाही?

बागायतदार_महांकाळ

पेस्टच्या दिवसांत दारू नाही, हे मी माझ्या बागेत उद्यापासून करतो. हातमोजेही देतो. पण निम्मी मजुरी बायकोच्या खात्यावर, याला माझा विरोध कायम आहे. व्यवहार ज्याच्याशी, पैसे त्यालाच.

जत_माडग्याळ_रस्ता

व्यवहार ज्याच्याशी? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेताना मुकादमापुढं फक्त नवरा असतो, फेडताना मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत टाकायला बायको असते. नवरा पिऊन कोपीत पडला तरी त्या दिवसाची तोड तिलाच पुरी करावी लागते. बेदाणा शेडवर राबून तुमच्या त्या गड्याची उचलही त्याची बायकोच फेडत असणार, जरा विचारून बघा. फेडीत ती चालते, तर घेताना तिचा अंगठा का नको?