सर्वोत्कृष्ट सासू स्टेजवर, आणि एडिटर कुठे?

फोंडेकर: मराठी चॅनेलचे अवॉर्ड बघा, सर्वोत्कृष्ट सासू, सून, जोडी, कुटुंब, खलनायिका, आणि सगळे त्याच चॅनेलच्या मालिकांना. नॉमिनेशन घरचं, निकालही घरचाच. आपल्या गोव्याच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेचा निकाल पेपरात वाचा, गावच्या मंडळाच्या नाटकालासुद्धा नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, पार्श्वसंगीत अशी वेगवेगळी बक्षिसं असतात आणि इथे रात्री उशिरापर्यंत बसून उद्याचा एपिसोड कापणाऱ्या एडिटरचं नावसुद्धा कोणाला माहीत नसतं. सासू चांगली केली तर अभिनयाचं बक्षीस द्या की.

सुमन म्हापसा: अजिबात पटलं नाही. हे सोहळे रोज बघणाऱ्यांसाठी आहेत, माझ्या आईने मत दिलेली सून जिंकली की तिला घरचं कोणीतरी जिंकल्यासारखं वाटतं, त्यात काय वाईट? आणि एमी, म्हणजे अमेरिकेतले टीव्हीचे पुरस्कार, त्यांचा पहिला सोहळा 25 जानेवारी 1949 ला झाला त्यात पण सर्वात लोकप्रिय कार्यक्रम अशी कॅटेगरी होतीच! पहिलीवहिली एमी शर्ली डिन्सडेलला, रामदास पाध्यांसारखी बोलक्या बाहुलीचे प्रयोग करायची ती. शिवाय तेव्हा फक्त लॉस एंजेलिस भागातलेच कार्यक्रम धरले होते, म्हणजे ते पण घरचंच.

फोंडेकर: सुमनताई, त्या रात्री सगळे मिळून सहाच पुरस्कार होते आणि त्यातला एक तांत्रिक कामाला होता, माझं म्हणणं तेवढंच आहे. आणि शहर एक असलं तरी टीव्ही स्टेशनं वेगवेगळी होती.

राजन पणजी: कॅटेगरी वाढवल्या म्हणून न्याय होतो असं नाही. 'द बेअर' ही अमेरिकन मालिका कॉमेडीत धरली आणि 2024 च्या सप्टेंबरात 11 एमी घेऊन गेली, बघताना पोटात गोळा येतो, हसायला कुठे येतं? आधी 2015 मध्ये अर्ध्या तासाची ती कॉमेडी, तासाची ती ड्रामा असा नियम केला, तो पण पुढे काढून टाकला. त्यापेक्षा आपल्या गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात बघा, 2023 ला वेब सिरीजचा पुरस्कार सुरू केला, पहिला 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनला, पुढच्याच वर्षी आपल्या मराठी 'लंपन'ला. एकच पुरस्कार, पण त्याला वजन आहे.

सुमन म्हापसा: लंपनचा मलाही खूप आनंद झाला, पण राजनबाब, तिथे मत ज्युरीचं, आईचं नाही. दोन्ही असू देत ना.

फोंडेकर: असू देत, पण मग दुसरं पण असायला हवं. हिंदीत आयटीए (इंडियन टेलिव्हिजन अकादमी) आणि इंडियन टेली हे टीव्ही पुरस्कार दोन्ही 2001 पासून आहेत, वेगवेगळ्या चॅनेलच्या मालिका एकत्र येतात आणि लेखन-संकलनालाही बक्षीस असतं. मराठीत महाराष्ट्र टाइम्सच्या मटा सन्मानमध्ये मालिका असतात, चांगलं आहे, पण मला फक्त टीव्हीचा वेगळा सोहळा हवाय, सगळे मराठी चॅनेल एकत्र, आणि संवाद लिहिणाऱ्याला स्टेजवर बोलवा, जाहिरात चालू असताना उरकू नका.

राजन पणजी: चॅनेलवाले दुसऱ्या चॅनेलच्या नायिकेला आपल्या स्टेजवर येऊ देणार? पैसे कोण घालणार ते आधी सांगा.