मदत हवी आहे: कॅफेत मार्व्हल रायव्हल्स टाकावा का? पोरांना त्यात नेमकं काय दिसतं?

नमस्कार मंडळी,

नाशिकला सिडकोत माझा छोटा गेमिंग कॅफे आहे, दहा पीसींचा. आजवर व्हॅलोरंट, सीएस टू आणि जीटीए या गेमवर धंदा चालला. आता शिकवणी सुटल्यावर येणाऱ्या पोरांचा एकच घोशा आहे, "दादा, रायव्हल्स टाका ना." दोन पीसींवर टाकून बघितला, तर त्या दोघांपाशीच गर्दी आणि बाकीचे आठ मोकळे. सगळीकडे टाकायचा तर रॅमचा आणि एसएसडीचा (वेगवान डिस्कचा) खर्च आहे, म्हणून पैसे घालायच्या आधी इथे विचारतोय. मी स्वतः काउंटरवर बसून सॉलिटेअर खेळणारा माणूस आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्या डोक्यात शिरलं ते एवढं: नेटईज या चिनी कंपनीचा गेम, ६ डिसेंबर २०२४ ला आला, पहिल्या तीन दिवसांतच एक कोटी खेळाडू झाले. सहा विरुद्ध सहा. आणि फुकट. पण फुकट तर व्हॅलोरंटही आहे, त्यामुळे निव्वळ फुकटपणावर ही गर्दी असेल असं मला वाटत नाही. फरक एक दिसला. व्हॅलोरंटमध्ये नव्या खात्याला बरेचसे एजंट (त्यातली पात्रं) बंद असतात, ते खेळून खेळून उघडावे लागतात. इथे पहिल्या दिवसापासून ३३ च्या ३३ हिरो उघडे होते, आणि नंतर आलेलेही सगळ्यांना तसेच मिळाले. तासाचे पैसे मोजून बसणाऱ्या पोराला हे फार मोठं आहे. घरी पीसी नाही, खिशात एका तासाचे पैसे. तो आला, बसला आणि थेट आयर्न मॅन झाला.

दुसरं म्हणजे खुर्चीमागची गर्दी. बंदुकीच्या गेममध्ये स्क्रीनवर दोन हात नि एक नळी दिसते, खेळणाऱ्यालाच काय ती मजा. यात कॅमेरा हिरोच्या पाठीमागे असतो. स्पायडरमॅन झोके घेत जातो, हल्क उड्या मारतो, भिंती खरोखर फुटतात. मागे उभ्या पोरांना फुकटात सिनेमा! त्यातलीच दोन-तीन पुढच्या तासाचा नंबर लावतात. (दुकानदाराची नजर, माफ करा.)

पण मला खरं कोडं पडलंय ते वेगळंच. आमच्याकडे कॉलेजच्या मुलांचा एक ग्रुप येतो. त्यातल्या एकाचा नेम इतका वाईट की व्हॅलोरंटला त्याला कुणी घेत नसे. घेतलाच तर पहिल्या मिनिटात मरायचा आणि राउंड संपेपर्यंत बाकीच्यांचं बघत बसायचा. आता तोच पोरगा नाही आला तर बाकीचे त्याला फोन करतात! तो 'क्लोक अँड डॅगर' ही हिरोंची जोडी घेऊन खेळतो. त्यातल्या डॅगरचे खंजीर म्हणे आपोआप माणसाकडे वळतात, शत्रूला लागले तर जखम आणि आपल्या साथीदाराला लागले तर मलम. मेलाच तर थोड्या सेकंदांत परत मैदानात. या गेमची खरी ओढ इथेच असावी असं मला वाटतं, पण एका पोरावरून अंदाज बांधून पैसे घालावेत का?

तर विचारायचं असं: ही ओढ टिकणारी आहे की मार्व्हलचं नाव जुनं झालं की ओसरेल? माझ्या पीसीत जीटीएक्स १०६० सहा जीबी ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्क आहेत. एवढ्यावर भागेल का? आणि दहा ठिकाणी डाउनलोड कसं करायचं? सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खोदलेत, आठवड्याआड फायबर तुटते.

खंजीरवाली_ताई:
दादा, तुमचा अंदाज बरोबर आहे, पण अर्धा. मी पहिल्यापासून हीलरच (साथीदारांच्या जखमा भरणारी) खेळते. या गेममध्ये तीन प्रकार आहेत: व्हॅनगार्ड मार खातो, ड्युएलिस्ट मारतो, स्ट्रॅटेजिस्ट जगवतो. जगवणारा नसेल तर टीम उभी राहत नाही, म्हणून नेम नसलेल्यालाही मान मिळतो. शिवाय ते काम कंटाळवाणं ठेवलेलं नाही. जेफ नावाचं शार्कचं पिल्लू आहे, ते समोरची अख्खी टीम गिळून कड्यावरून खाली थुंकतं. रॉकेट रकून मेलेल्याला परत आणतो. सुरुवातीला तर रॉकेटला ग्रूटच्या खांद्यावर बसून लढता यायचं. अशा जोड्यांना टीम-अप म्हणतात. मित्राने कोण घेतलाय त्यावर आपल्या हातात काय येतं ते बदलतं, म्हणूनच शेजारी बसून खेळण्यात मजा आहे.

अंबडचा_थॉर:
ताई, उरलेला अर्धा मी सांगतो. कोणी काय घ्यायचं यावर गेमचं बंधन नाही. सहाच्या सहा जण ड्युएलिस्ट घेऊ शकतात आणि घेतातही! मग "तू हीलर हो, मी कालच झालो होतो" अशी भांडणं. अनोळखी टीममध्ये डोकं उठतं. ओळखीचा ग्रुप असेल तर सोन्यासारखा गेम. दादा, एकटा-दुकटा येणाऱ्या गिऱ्हाइकावर हिशेब मांडू नका.

आणि फुकट-फुकट काय करताय, कंपनी पैसे स्किनमधून (हिरोंच्या नव्या पोशाखांतून) काढते. पैसे भरून कोणी ताकदवान होत नाही, एवढं मात्र खरं. बॅटल पास (पैसे भरून घ्यायची, खेळत खेळत उघडणारी बक्षिसांची यादी) घेतला तर तो संपत नाही, सीझन गेल्यावरही सावकाश पूर्ण करता येतो. ही गोष्ट मला फार आवडते, कारण परीक्षेच्या दिवसांत जीव टांगणीला लागत नाही. टिकण्याचं म्हणाल तर दर सीझनला नवे हिरो येतात आणि जुन्यांची ताकद कमी-जास्त होते. माझा थॉर दर दोन महिन्यांनी वेगळाच वाटतो, शिव्या देत परत शिकतो.

नेटवर्कवाला_पंचवटी:
कामाचं बोलू. कार्ड तुमचं किमान अटीत बसतं, रॅम बसत नाही. किमान १६ जीबी लागते. जागा ७० जीबी धरा आणि अपडेटसाठी वर मोकळी ठेवा. एसएसडीला पर्याय नाही. हार्ड डिस्कवर मॅच सुरू होऊनही तुमचं गिऱ्हाईक लोडिंगच बघत बसेल.

डाउनलोड एकाच पीसीवर करा. स्टीममध्ये (गेम उतरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लोकल नेटवर्क ट्रान्सफर आहे, बाकीचे पीसी त्याच्याकडूनच फाइल ओढतात. सेटिंगमध्ये कोणालाही द्यायची परवानगी चालू करा, कारण खाती वेगवेगळी असतील. स्टीम ऑनलाइन असावं लागतं, म्हणून फायबर चालू असतानाच हे काम उरका.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. हा गेम पहिल्यांदा उघडला की शेडर (स्क्रीनवरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करत बसतो. तुम्ही कॅफेवाले बहुतेक रीस्टार्टला डिस्क पूर्ववत करणारं फ्रीझ सॉफ्टवेअर लावता. मग ते तयार शेडर दरवेळी पुसले जातात आणि प्रत्येक पोराची पहिली मिनिटं वाया जातात. वाद तुमच्याशी होणार. गेम आणि ग्राफिक्सची कॅश (या तयार फाइल साठवायची जागा) फ्रीझमधून वगळा.

गंगापूररोडची_आई:
माझा मुलगा अशाच एका कॅफेत खातं उघडं ठेवून आला आणि पुढच्याने त्यातल्या नाण्यांच्या स्किन घेऊन टाकल्या. दादा, पासवर्ड लक्षात ठेवण्याचा पर्याय बंद ठेवा आणि उठताना लॉगआउट करायची पाटी प्रत्येक पीसीवर लावा. बाकी रक्त-बिक्त फार नाही म्हणून मला हा गेम त्यातल्या त्यात बरा वाटतो. मोबाइलवर नाही हेही बरंच, निदान पांघरुणात शिरून तरी खेळता येत नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. मोबाइलवर नाही हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. अहो, मग तर पोरांना कॅफेतच यावं लागणार! ठरलं: दहा नाही, सहाच पीसी करतो, एकाच रांगेत, म्हणजे एक अख्खी टीम शेजारी-शेजारी बसेल. त्या सहांचं बुकिंग ग्रुपलाच, तासाला थोडी सूट देऊन. फ्रीझचं तर आजच बघतो, दोन पीसींवरची कुरकुर त्याचीच असणार. रॅमचे भाव सध्या चढे आहेत, जुनी पण चांगली आठ जीबीची कांडी नाशकात कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. डीडीआर फोर हवी.