मुलीचं नाव 'आनंद' ठेवायचंय, घरात कोणालाच पटत नाहीये

फोंड्याची_लेक:
नमस्कार. मला पहिली मुलगी झालीय, बारसं तोंडावर आलंय आणि नावावरून घरात रोज चर्चा चाललीय म्हणून इथे विचारतेय. मी पोटुशी असताना माझे बाबा गेले. त्यांचं नाव आनंद. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची पद्धत आहे, बाबांच्या वडिलांचं नाव माझ्या चुलतभावाला दिलेलं, आणि बाबा गेल्यावर मावशी सहज बोलून गेली की आनंदचं नाव आता इथेच थांबलं, तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. का थांबावं? माझी मुलगी आहे ना.

नवरा लगेच हो म्हणाला. सासूबाई नातीवर जीव टाकतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण त्या म्हणतात आनंद आला म्हणायचं की आनंद आली, शाळेत पोरं छळतील तिला. शेजारच्या काकींनी तर तोंडावर विचारलं, मुलगा हवा होता काय गो तुला? ते फार लागलं कारण मला मुलगीच हवी होती. सगळ्यांचं एकच, आनंदी ठेव, किती गोड नाव आहे. नाव गोड आहेच, पण त्या हाकेत मला बाबा सापडत नाहीत.

कोणी मुलीला असं सरळ पुरुषाचं नाव ठेवलंय का? किंवा तुमचंच असं नाव आहे का? शाळेत, कागदपत्रांत खरंच त्रास होतो का ते सांगा प्लीज.

म्हापशेकर:
ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मी विरोधात आहे. आपल्या समाजात मुलीच्या नावावर घरच्यांची इच्छा लादायची जुनी सवय आहे. साताऱ्यात २०११ साली 'नकुशा' नाव असलेल्या दोनशेहून जास्त मुलींना सरकारी कार्यक्रम करून नवीन नावं द्यावी लागली होती, नको असलेली मुलगी म्हणून नकुशा, म्हणजे पुढचा तरी मुलगा होऊदे. तुमच्या मनात तसलं काही नाही हे मला कळतं, पण रस्त्यावरच्या माणसाला तुमचं मन दिसत नाही, त्याला फक्त मुलीला मुलाचं नाव दिलेलं दिसतं, आणि तो प्रश्न जन्मभर ती झेलणार, तुम्ही नाही. कागदावर आनंदी लिहा आणि घरात आनंद म्हणून हाक मारा, मधला मार्ग आहे की.

काणकोणची_विजय:
मी बाई आहे आणि माझं नाव विजय आहे, विजया नाही. म्हणून जरा लांब लिहिते.

माझ्या वेळी मुलगाच होणार असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं आणि नाव आधीच ठरलं होतं. मुलगी झाली तरी आजोबांनी तेच ठेवलं. म्हणजे म्हापशेकर म्हणतात तो प्रकार माझ्याच बाबतीत झालेला आहे. शाळेत हजेरीपटात मुलगे आधी आणि मुली नंतर असायच्या, दर वर्षी जूनमध्ये नवीन बाई मला मुलांच्या यादीत वाचायच्या आणि मी मुलींच्या बाकावरून हात वर केला की वर्ग हसायचा. दोन दिवस हसायचे, मग विसरायचे. पत्रांवर श्री. यायचं. लग्नाची पत्रिका छापताना छापखान्यातल्या माणसाने दोन्हीकडे चि. लावून ठेवलेलं, चि. सौ. कां. करून घ्यायला माझा भाऊ परत गेला. सासरी नाव बदलूया असा विषय निघाला तेव्हा मी नाही म्हटलं, तांदळात विजयच लिहिलं. हे सगळे त्रास छोटे आहेत, खरं सांगते, यातल्या एकानेही मला रडवलेलं नाही.

मला त्रास झाला तो हे नाव का ठेवलं याच्या उत्तराचा. कोणीही विचारलं की आई गप्प बसायची, आणि आई गप्प का बसते ते मला फार लहानपणी कळलं. तुमच्या मुलीकडे उत्तर आहे. हे माझ्या आजोबांचं नाव, आईचे बाबा, आईला ते फार प्रिय होते. असं उत्तर असलेल्या पोरीला शेजारच्या काकी काय करणार? पण मग ते तिला सारखं सांगत राहा, आजोबांचे फोटो दाखवा, ते काय खायचे, कसे रागवायचे, सगळं सांगा. आणि उद्या दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर चुकूनही कोणाला 'बघा, हिच्या नावाने मुलगा आणला' असं बोलू देऊ नका. माझ्या पाठीवर भाऊ झाला तेव्हा घरात ते वाक्य बोललं गेलं, ते मी अजून विसरले नाही.

म्हापशेकर, घरात एक आणि कागदावर एक हे मला पटत नाही. मग खरं नाव कुठलं असं ती विचारेलच ना कधीतरी.

सासष्टीवाला:
मी मडगावचा, आमच्या वाड्यावर निम्मी घरं ख्रिश्चनांची. तिथे पुरुषाचं नाव जुझे मारिया असतं आणि बाईचं मारिया जुझे, कोणाला काही वाटत नाही. आणि शर्ली नावाच्या बायका गोव्यात कमी आहेत काय? ते नाव इंग्लंडमध्ये आधी पुरुषांचं होतं. १८४९ साली शार्लट ब्राँटेची त्याच नावाची कादंबरी आली, त्यात मुलगा हवा होता म्हणून मुलीला ते नाव ठेवलेलं असतं, आणि त्यानंतर ते बायकांचंच होऊन बसलं. पंजाबात तर प्रश्नच नाही, आपल्या हॉकी टीमचा कॅप्टन हरमनप्रीत सिंग आणि महिला क्रिकेटची कॅप्टन हरमनप्रीत कौर. आपल्याकडे ज्योती म्हटलं की मुलगी, पण बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू होतेच की तेवीस वर्षं. किरण तर आपणच दोघांना ठेवतो. आला की आली हा प्रश्न किरणच्या बाबतीत कोणाला पडलाय? माणूस समोर असतो, आपण बरोबर बोलतो. सासूबाईंना हे सांगा. आमच्या गावात जत्रेच्या नाटकात पुरुष लुगडं नेसून स्त्रीपार्ट करायचे आणि बायका डोळ्यांतून पाणी काढून बघायच्या, तिथे कोणी गोंधळत नव्हतं.

केपेची_आजी:
बाये, माझं वय झालं, टायपिंग सावकाश चालतं. आपल्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज कायद्यापासून मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. घरात हिस्सा, भाटात म्हणजे माडांच्या बागेत हिस्सा. आई-बापाला मुलीला पूर्ण डावलताच येत नाही, अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. आता किती घरांत भाऊ बहिणीकडून सही घेऊन हक्क सोडवून घेतात तेही मला माहीत आहे, मी पाहिलंय. पण कायद्याने बापाचे माड मुलीला मिळतात आणि बापाचं नाव तेवढं मुलग्याच्या मुलग्यालाच द्यायचं, हे कुठलं शास्त्र? ठेव तू आनंद. तुझ्या सासूला वाईट वाटू देऊ नकोस पण, पाळण्यातलं एखादं नाव तिला सुचवायला सांग, पाळण्यात एकच नाव घालायचं असतं असं थोडंच आहे.

पंचायत_सेक्रेटरीचा_भाऊ:
कागदपत्रांचं सांगतो कारण तुम्ही विचारलंय. पहिलं म्हणजे घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं, पहिल्या बारा महिन्यांत फी नाही, त्यानंतर लेट फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण एकदा घातलं की पक्कं, कारण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, लायसन्स, मतदार यादी सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो. आणि गोव्यात नाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे, नुसतं अ‍ॅफिडेव्हिट करून भागत नाही. तेव्हा आधी घरात एकमत करा आणि मग फॉर्म भरा. मुलीला पुरुषाचं नाव ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, रजिस्ट्रार नाव लिहून घेतो, स्त्री की पुरुष हा रकाना वेगळा असतो.

फोंड्याची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. विजयताई, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या, मग म्हणाल्या की तिला कोणी विचारलं तर मीच उत्तर देईन. अजून पूर्ण हो म्हणालेल्या नाहीत, पण पाळण्यातलं दुसरं नाव त्या सांगणार आहेत, आजी, हे तुमच्यामुळे. नणंदेने, म्हणजे बाळाच्या आत्याने, मात्र जाहीर केलंय की मी कानात आनंदच सांगणार.

म्हापशेकर, तुमचा मुद्दा मी सोडून दिलेला नाही. दुसऱ्या मुलाच्या वेळी कोणी काही बोललं तर तिथल्या तिथे बोलायचं हे आम्ही दोघांनी ठरवलंय.

म्हापशेकर:
तुमचं ठरलंय तर माझ्याकडून शुभेच्छा. एक काळजी घ्या, दाखला हातात आला की काउंटरवरच उभं राहून वाचा. नाव आनंद बघून टाइप करणारा सवयीने पुरुष टाकेल, आणि इंग्रजीतलं स्पेलिंगही तिथेच तपासा, बाबांच्या कागदांवर जे होतं तेच ठेवा.