पहिल्यांदाच बिझनेस क्लासने, तोही रात्रभराचा प्रवास: ठाणे आणि नवी मुंबईकरांचे अनुभव

आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीत यंदा तीन घरांतून कोणी ना कोणी पहिल्यांदाच बिझनेस क्लासने परदेशी निघाले आहे. एकीच्या मुलाने तिच्या गुडघ्यांकडे पाहून तिकीट काढून दिले, एकाचे विमान कंपनीकडचे मैल (प्रवासावर मिळणारे गुण) बरीच वर्षे साठलेले होते, तर एका गृहस्थांनी ‘आयुष्यात एकदा’ म्हणून चक्क मुदत ठेव मोडली. मी दीड वर्षापूर्वी लंडनला अशी जाऊन आले असल्यामुळे लिफ्टपाशी गाठ पडली की सगळे मलाच विचारतात. परंतु एका खेपेच्या बळावर मी किती सांगणार? म्हणून ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी आपला अनुभव या धाग्यात लिहावा, अशी विनंती आहे. जेवण किती छान होते हे थोडक्यात सांगितले तरी चालेल. तयारीत काय चुकले आणि काय उपयोगी पडले, ते मात्र सविस्तर लिहावे.

सुरुवात मीच करते. आमचे उड्डाण १२ तारखेच्या पहाटे होते आणि यजमानांनी कालनिर्णयावर १२ तारखेलाच लाल पेनाने गोल केला होता. घरातून निघायचे होते ते अर्थातच ११ तारखेच्या रात्री दहाला. १० तारखेला मुलाने फोनवर ‘आई, उद्या रात्री निघताय ना?’ असे विचारले, तेव्हा आमच्या बॅगा अर्ध्याच भरलेल्या होत्या आणि इस्त्रीचे कपडे यायचे होते. तेव्हापासून माझा नियम असा की, भिंतीवर विमानाची तारीख लिहायचीच नाही, घराला कुलूप लावण्याची लिहायची.

दुसरी चूक पोटाची. विमानतळावरच्या लाउंजमध्ये (प्रवाशांच्या आरामकक्षात) रात्री साडेबाराला फुकट मिळते म्हणून जेवलो आणि विमान उडाल्यावर पांढरा टेबलक्लॉथ अंथरून पुन्हा जेवण आले. नको म्हणायचा संकोच वाटला. सूप, सॅलड, मुख्य जेवण आणि गोड असे एकेक येत गेले आणि पहाटेचे पाच कधी वाजले ते कळलेच नाही. सुमारे दहा तासांच्या प्रवासात सरळ आडवे होऊन झोपायला मिळाले ते जेमतेम चार तास. ज्यासाठी मुलाने एवढे पैसे भरले होते, ती पाठ टेकण्याची सोयच आम्ही चमच्याने खाऊन टाकली. आता कोणी विचारले तर मी सांगते, लाउंजमध्ये नीट जेवा, विमानात बसताच ‘मला जेवण नको, उतरण्यापूर्वी नाश्त्याला उठवा’ असे सांगा आणि दिवा मालवा. असे सांगण्यात उद्धटपणा काहीच नाही.

जाता जाता एक लाजिरवाणी गोष्ट. टेबल कुठून निघते ते मला सापडेना. समोर नाही, बाजूला नाही, म्हणून मी ताट मांडीवर घेण्याच्या तयारीने पदर सावरून बसले होते. ते हाताच्या टेकूखाली घडी घालून ठेवलेले असते आणि एक खटका दाबल्यावर बाहेर येते.

ऐरोली

मी संगणक क्षेत्रात आहे आणि कंपनीच्या खर्चाने चार-पाच वेळा असा गेलो आहे. पहिल्या वेळी ‘खिडकी म्हणजे खिडकी’ असे समजून जागा निवडली आणि फसलो. बिझनेस क्लास म्हटले की सगळीकडे एकच रचना असेल असे आपण गृहीत धरतो, पण काही विमानांत एका ओळीत १-२-१ (आकड्यांमधली रेघ म्हणजे वाट) अशा जागा असतात, काहींत २-२-२, तर काही जुन्या मांडणीत २-३-२ सुद्धा. २-२-२ मध्ये खिडकीशी बसलात तर रात्री स्वच्छतागृहाला जाताना शेजारच्या झोपलेल्या अनोळखी गृहस्थांचे पाय ओलांडावे लागतात. १-२-१ मध्ये प्रत्येकाला थेट वाट मिळते. मात्र तिथेही एकाआड एक ओळींत सीट कधी खिडकीला, कधी वाटेला चिकटून असते. नवरा-बायको असाल तर मधल्या दोन जागा एकमेकींना लागून आहेत की मध्ये टेबल आहे, हे आराखड्यात पाहूनच पैसे भरावेत.

पॉवर बँकेचा घोळ बहुतेकांचा होतो. ती चेक-इनच्या बॅगेत ठेवायची नसते, सोबतच्या सामानातच हवी आणि १०० वॉट-तासांपर्यंतची विनापरवानगी चालते. आपल्याकडे तिच्यावर एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहिलेले असते, म्हणून हिशेब सांगतो. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास; त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॉट-तास येतात, म्हणजे चिंता नाही. मात्र नेता आली म्हणजे वापरता येईलच असे नाही. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरण्यास मनाई केली आहे. सीटपाशी चार्जिंगची सोय असतेच, तेव्हा लांब वायर न्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. तिसऱ्या खेपेला सीट आडवी करून मी फोन छातीवर ठेवून झोपलो आणि तो घसरून सीटच्या फटीत गेला. मी बटण दाबून सीट पुन्हा उभी करणार, इतक्यात हवाई सुंदरीने अक्षरशः माझा हात धरला. सरकणाऱ्या सीटच्या यंत्रात फोन चिरडला गेला तर त्यातली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून सीट जराही न हलवता कर्मचाऱ्यांना बोलवायचे असते. त्यांनी मला उठवले, टॉर्च आणला आणि दहा मिनिटांनी फोन हातात दिला. तेव्हापासून फोन, चष्मा आणि पासपोर्ट मी झोपण्यापूर्वी बाजूच्या झाकणाच्या कप्प्यात ठेवतो.

नेरूळ

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, त्यामुळे माझा अनुभव थोडा व्यवसायाच्या अंगाने येईल. भाडे कितीही भरा, विमानातली हवा सर्वांना एकच मिळते. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असताना आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असावा तेवढा राखलेला असतो. कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट आहे, म्हणजे आपण रात्रभर कळसूबाईच्याही वर झोपलेलो असतो. त्या दाबाला पोटातला वायू फुगतो. निघण्याच्या दिवशी वाटाण्याची उसळ आणि छोले टाळावेत, हा सल्ला मी रुग्णांना देतो आणि स्वतः मात्र एकदा मोडला आहे. पश्चात्ताप अटलांटिकवर झाला.

आतली आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खाली असते. आपण खाडीकाठची माणसे, दमट हवेत वाढलेली. आपले नाक आणि घसा लगेच तक्रार करतात. सलाइनचा नाकात मारायचा स्प्रे सोबत ठेवावा, कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावावा आणि फुकट मिळते म्हणून मद्य घेत बसू नये. त्याने गुंगी येते, पण झोप तुटक लागते.

आडवे झोपायला मिळाले म्हणजे पायांत रक्त गोठण्याचा धोका संपला, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ हालचाल न करता बसून राहिल्यास हा धोका सुमारे दुपटीने वाढतो. निरोगी माणसात तो मुळात अल्प, सहा हजारांत एक इतका असतो, परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा पूर्वी असा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे. इन्शुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे, कारण सामानाच्या कक्षात ते गोठू शकते. सोबत औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठीही असावी.

झोपेत आपण आवंढा कमी गिळतो. त्यामुळे गाढ झोपेत विमान उतरू लागले तर कान जोरात दडपतात. उतरण्याच्या तासभर आधी उठवायला सांगून ठेवा, सर्दी असेल तर नक्कीच.

नौपाडा, ठाणे

मी लेकीकडे न्यूयॉर्कला दुबईमार्गे गेले. दिवाळी तोंडावर होती, म्हणून अनारसे केले होते. बॅगा भरत असताना धाकट्या जावेने विचारले, ‘वहिनी, अनारशांना खसखस लावली आहे का?’ खसखशीशिवाय अनारसा होतो का? पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगण्यास बंदी आहे आणि त्याबद्दल शिक्षाही होते, हे तिला ठाऊक होते. रात्री अकरा वाजता अनारशांचा डबा शेजारी गेला, गोड्या मसाल्याची पुडीही त्यामागोमाग गेली, कारण आमच्या मसाल्यात खसखस भाजून घालतात. सुके खोबरे तेलकट आणि ज्वलनशील म्हणून विमानात चालत नाही, तेही काढले. मोठे सामान प्रत्येकी ३२ किलोच्या दोन बॅगांपर्यंत नेता येत होते, त्या उत्साहात मी काय काय कोंबले होते ते सांगत नाही.

जेवणाचे मात्र मी आधीच पाहिले होते. आमच्याकडे एकादशी असते आणि हिशेब केला तर विमान दशमीच्या रात्री उडणार होते. तारीख मध्यरात्री बदलते, तिथीचा हिशेब आपण सूर्योदयावर धरतो, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात सूर्योदय लांबतच जातो! शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांनी निकाल दिला की ठाण्याचा सूर्योदय धरावा. विमान कंपन्यांकडे विशेष जेवणाचे संकेत असतात. शाकाहारी भारतीय जेवणाला एव्हीएमएल, जैन जेवणाला व्हीजेएमएल आणि नुसत्या फळांच्या ताटाला एफपीएमएल. हे किमान २४ तास आधी नोंदवावे लागते, विमानात बसल्यावर मागून मिळत नाही. मी एका टप्प्याला शाकाहारी आणि दुसऱ्याला फळे नोंदवली. पपई, कलिंगड, द्राक्षे अशी चिनी मातीच्या बशीत इतकी सुरेख मांडून आली की उपास असल्यासारखे वाटेचना.

खारघर

रस्त्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, तरी आपल्याला सहारला (मुंबई विमानतळावर) जायचे आहे की उलव्याला (नवी मुंबई विमानतळावर), हे तिकिटावर डोळ्यांनी वाचावे; ड्रायव्हर सवयीने नेईल तिकडे जाऊ नये. माझे उड्डाण पहाटे दोनला सहारहून होते, महिना जुलैचा. सायन-पनवेल महामार्गावर मानखुर्दपाशी पाणी तुंबले आणि एरवी तासाभराचा रस्ता अडीच तासांचा झाला. बिझनेस क्लासचा काउंटर वेगळा आणि रिकामा असतो हे खरे, पण तो वेळेवरच बंद होतो.

घोडबंदर रस्ता, ठाणे

आम्ही इकॉनॉमीचे तिकीट काढून नंतर बोली लावून वरचा वर्ग मिळवला. बोली माणशी आणि टप्प्याटप्प्याने लावायची असते, हे नीट न वाचता मी मुंबईपासूनच्या छोट्या टप्प्यासाठी लावली आणि तीच मंजूर झाली! तीन-साडेतीन तास राजासारखे बसलो आणि पुढचे चौदा तास गुडघे दुमडून. शिवाय आमच्या बाबतीत सामानाची मर्यादा मूळ तिकिटाचीच राहिली. पैसे घालायचे तर लांबच्या रात्रीवर घालावेत.

सरळ तिकीट काढणाऱ्यांनी कराचाही विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आहे, इकॉनॉमीला तो ५ टक्केच आहे. ‘बिझनेस’ लिहिलेल्या तिकिटातही एखाद्या टप्प्याला लहान विमान असले तर तिथे सीट आडवी होत नाही, नुसती रुंद असते. विमानाचा प्रकार प्रत्येक टप्प्यापुढे लिहिलेला असतो, तो पाहावा.

सीबीडी बेलापूर

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत आणि मी त्यांना लंडनला भावाकडे घेऊन गेले. मी घरी त्यांची उजळणी घेतली होती. उड्डाणाच्या वेळी खांद्यावरूनही पट्टा असेल, पांघरुणाच्या वरून पट्टा बांधायचा म्हणजे हवा खराब झाली तरी कोणी उठवणार नाही, सुती पायजमा हातातल्या पिशवीत ठेवायचा, वगैरे. त्यांनी सगळे ऐकले आणि एकच शंका काढली, ‘झोपताना पाय कुठल्या दिशेला येतात?’ दक्षिणेकडे पाय करून ते आयुष्यात झोपलेले नाहीत. मी म्हटले, ‘दादा, विमान वायव्येला जाते आणि पाय पुढच्या बाजूला असतात, काळजी नको.’ समोरच्या पडद्यावर नकाशा लावून त्यांनी खात्री करून घेतली, पांघरूण चौघडी करून पायांवर घेतले आणि सहा तास घोरले.

परतीच्या वेळी खरी पंचाईत झाली, कारण मुंबई जवळ येते तसे विमान आग्नेयेकडे तोंड करते. लंडनला भावाच्या स्वयंपाकघरात आम्ही जागांचा आराखडा घेऊन बसलो. त्या विमानातल्या सीट खिडकीकडे तिरक्या होत्या. उजवीकडची जागा घेतली तर पाय सरळ दक्षिणेकडे वळणार होते, डावीकडची घेतली तर पूर्वेकडे. उजवीकडच्या जागेत खिडकी जास्त जवळ होती, म्हणून भाऊ तिचा आग्रह धरत होता. दादांनी आराखड्यावर बोट ठेवून डावीकडची मागितली, आणि रात्री विमान उडाल्यावर दिवे मंद होण्याच्या आतच पायजमा घालून, पूर्वेकडे पाय करून ते झोपूनही गेले.