मदत हवी आहे: टाचेची एक खोल भेग भरतच नाही

उजव्या टाचेच्या कडेला उभी भेग आहे. पाऊल टेकलं की तोंड उघडतं, कधी रक्तही येतं. रोज रात्री कोमट पाण्यात १० मिनिटं पाय, टिपून लगेच २५ टक्के युरियाचं क्रीम, वर सुती मोजे. बारीक भेगा मिटल्या. हिच्या कडा मात्र जाड, पिवळट, ताठ आहेत. वजन पडलं की वाकत नाहीत, फाटतात. युरिया आत फार झोंबतं, म्हणून तिथे फक्त पेट्रोलियम जेली. मधुमेह नाही, पू-सूज नाही, बोटांच्या बेचक्यात खाज नाही. दिवसभर उभ्याचं काम, ते टळणार नाही.

कडा वजरीने आत्ताच हलक्या घासाव्यात, की भेग भरेपर्यंत हात लावू नये? आणि चिकटपट्टीने दोन्ही कडा जवळ ओढून ठेवल्या तर चालताना टिकतं का?