वृद्धाश्रमात देखभाल नीट होतेय का, हे ओळखायचं कसं?

विश्रामबागची लेक
आई अंथरुणाला खिळली आहे. तिच्यासाठी सांगली-मिरजेतले निवासी देखभाल केंद्र बघत फिरतेय. जाईन तिथे आधी देवघर, बाग आणि टीव्हीचा हॉल दाखवतात. माझ्या मते हे सगळं सोडून रात्रपाळी बघावी. रात्री किती मावशी असतात आणि एकेकीच्या वाट्याला किती पेशंट? झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा इथे बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, होतात. कूस बदलल्याची वही, दर महिन्याचं वजन आणि कोण कधी पडलं याची नोंद, हे दाखवायला जे टाळाटाळ करतील तिथे आईला ठेवायचं नाही.

मिरजेची सिस्टर
वहीवर एवढा भरवसा ठेवू नका, ताई. पहाटे चारची सही रात्री अकरालाच झालेली मी पाहिली आहे. त्यापेक्षा अंगावरची चादर बाजूला करून टाच बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा न पडता तसाच लाल राहिला, तर बेडसोरची सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर हे पटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघा, शेजारच्या भागापेक्षा गरम किंवा कडक लागतं. आणि पेशंट दिवसभर गुंगीत दिसला तर झोपेची गोळी चालू आहे का, कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिली, ते विचारा.

साताऱ्याहून, केंद्र चालवणारा
दोघींचंही मला पूर्ण पटत नाही. कितीतरी पेशंट आमच्याकडे दवाखान्यातून जखम घेऊनच येतात, म्हणून दाखल करतानाच नातेवाइकांसमोर फोटो काढून ठेवतो. वजन आजारानेही घटतं. रात्री कुणी अचानक आलं तर स्मृतिभ्रंशाचे आजोबा घाबरून उठतात, मग पहाटेपर्यंत सगळी खोली जागी. शिकवून तयार केलेल्या मावशी चार पैसे जास्त मिळाले की दुसरीकडे जातात. नातेवाईक फी वाढवायला तयार नाहीत आणि माणसं मात्र दुप्पट हवीत.

विश्रामबागची लेक
दादा, माणसं पुरत नसतील तर पेशंट कमी घ्या. कळवून आल्यावर चादरी बदललेल्याच दिसणार. रात्रीचं नको म्हणता, तर न कळवता जेवणाच्या वेळी येऊ द्या. ताट समोर ठेवून निघून जातात की घास गिळेपर्यंत कुणी शेजारी बसतं, एवढं दिसलं तरी पुष्कळ कळतं.

कायद्याच्या बाजूने
हे तपासायचं ओझं लेकीसुनांवर का? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 19 वृद्धाश्रमांबद्दल आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, निदान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा, आणि सेवांची मानकं राज्य सरकारने ठरवायची. फी घेणाऱ्या खासगी केंद्रांचीही सरकारी तपासणी व्हावी आणि अहवाल दारावर लावावा. तक्रार करायची तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

मिरजेची सिस्टर
तपासणीला येणारा माणूस खोल्या मोजेल, संडासातला आधाराचा दांडा बघेल. तेही हवंच. पण ओलं डायपर किती वेळ तसंच होतं, हे त्याला कसं कळणार? ते बाजूच्या कॉटवरची आजी सांगते, तेही ऑफिसातलं कुणी जवळ नसेल तरच.

गावभागातला
सांगलीकरांनी पुराचंही विचारा. इथे धोक्याची पातळी 45 फूट, 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 च्या वर गेली होती. झोपून असलेले पेशंट तळमजल्यावर असतील आणि वीज गेल्यावर लिफ्ट बंद, तर त्यांना वर कोण उचलून नेणार?

साताऱ्याहून, केंद्र चालवणारा
जेवणाच्या वेळी न कळवता या, हे मान्य. तसं लिहूनही देतो. पण घरच्यांनीही लिहून द्यावं की आठवड्यातून एकदा कुणीतरी येऊन आपल्या माणसाला भरवेल. वर्ष-वर्ष न फिरकणारेच फोनवर सगळ्यात जास्त ओरडतात.

विश्रामबागची लेक
मी येणारच आहे, ते लिहून द्यायला हरकत नाही. पण तुमच्याकडे माणूस कमी म्हणून घरच्यांनी भरवायचं असेल, तर ते मला मान्य नाही. आज दुपारी भरवायला किती जण होते, तेवढं सांगा.